गाठी पडलेली गादी

रशीदची सून फोनवर रडत म्हणाली, "काका, अब्बा गेले," तेव्हा माझ्या तोंडात घास होता. तो संपवावा म्हणून चावला, तर डाव्या कानाखाली जबडा कट्ट करून वाजला. हा आवाज मला रशीदनंच दिलेला... महिना उलटून गेला, अजूनही जेवताना तो वाजतो आणि ताटावर माझा हात थांबतो.

अकोल्याच्या जुन्या शहरात त्याच्या घरी कापूस पिंजून गाद्या भरायचं काम चाले. फुटबॉलच्या मैदानावर तो सेंटर फॉरवर्ड होता आणि तिथं तो माणूस नव्हता, खाटीक होता. कोपर बरगडीत घालायचा, पडलेल्याच्या बोटांवर टाच फिरवायचा. लोक त्याचे गोल बघायला येत, तसे कोण रक्तबंबाळ होतो ते बघायलाही येत. मी अमरावतीचा गोलकीपर. एका सामन्यात मी झेप घेऊन चेंडू छातीशी धरला, शिट्टी वाजली, तरी त्याचा बूट आला तो थेट माझ्या तोंडावर. हाड मोडल्याचा आवाज मी आतून ऐकला. तोंडभर रक्त, त्यात दातांचे तुकडे. आमच्या पोरांनी त्याला तिथंच तुडवला. तो मार चुकवत नव्हता, माझ्याकडे बघत पडून होता.

डॉक्टरांनी माझा जबडा तारेनं बांधून टाकला. आमचं भाजीचं दुकान, आणि भाजीबाजारात ज्याला ओरडता येत नाही त्याच्या वांग्यांकडे कुत्रंही बघत नाही. अशात एके सकाळी रशीद अकोल्याहून येऊन दुकानापुढे उभा. बाबांनी तराजूचं वजन उचललं. "काहून आला बे इथं? राहिलेले दात पाडाले?"

"काका, याचं तोंड म्या फोडलं," तो म्हणाला. "आता याच्या वाटचं मी ओरडतो."

आणि तो ओरडला! जबडा सुटेपर्यंत येऊन येऊन ओरडला. मी मुक्यानं मागे बसून भाव बोटांनी दाखवायचो आणि हा माझा वैरी घसा फोडून माझी वांगी विकायचा. माफी त्यानं कधी मागितली नाही. माझा त्याच्यावरचा राग कधी गेला, ते मला कळलंच नाही.

पुढे त्याच्यावर खेळायची बंदी आली आणि तो आमच्या अमरावतीजवळच्या भातकुलीच्या पोरांना शिकवू लागला. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत. घरोघरी धुमसत असलेलं सगळं ती पोरं मैदानावर काढत. नाकं फुटत, डोकी फुटत. रशीदनं त्यांना एकच कायदा लावला: ज्याला जायबंदी केलं, तो बरा होईपर्यंत त्याचं काम तू करायचं. एकानं दुसऱ्याचा हात मोडला, तर त्या दुसऱ्याच्या आईसोबत कापूस वेचायला गेला. शिव्या देत वेचला, पण वेचला.

मग तो अकोल्याचा सामना आला. रशीदची भातकुलीची टीम, तिच्यासोबत मीही गेलेलो, आणि समोर त्याच्याच मोहल्ल्याची पोरं. आमचा दुसरा गोल झाला आणि लोक काठ्या घेऊन मैदानात घुसले, नेमके आमच्या गोलकीपरवर. रशीद त्याच्या अंगावर आडवा पडला. त्याच्या उजव्या हातावर लोखंडी गज पडत राहिला, मनगट लोंबेपर्यंत. गज मारणारा हमीद होता, त्याचा चुलतभाऊ, ज्याला रशीदनंच चेंडू मारायला शिकवलं होतं. मी वीट उचलून धावलो. हमीदचं डोकं मी फोडलंच असतं, त्यात शंका नको. खालून रशीद किंचाळला, "ईट खाली ठेव, उत्तम!"

पोलिसांना त्यानं नाव सांगितलं नाही. "हात त्यानं तोडला, तर गाद्या तोच भरीन," एवढंच म्हणाला. लग्नसराई तोंडावर, दुकानात कापसाचा ढीग, आणि हा प्लॅस्टरमधला हात घेऊन दाराकडे बघत बसलेला. हमीद आला नाही. गल्लीतून जाणंही त्यानं सोडलं.

शेवटी मीच गेलो. दाभण घेऊन बसलो, बोटं भोसकून घेतली आणि एक गादी भरली. रशीदनं तिच्यावर हात फिरवला. "हे गादी हाय का बटाट्याचं पोतं बे?" ती त्यानं विकली नाही. मरेपर्यंत तिच्यावरच झोपला. हात काही पुन्हा सरळ झाला नाही.

दफन करून आम्ही परतलो, तर रशीदच्या खोलीत हमीद उभा होता. म्हातारा झालेला, मान खाली. गादीवर हात ठेवून म्हणाला, "उत्तमभाऊ, हे उसवून नीट भरून देतो मी." माझी मूठ वळली. इतक्या वर्षांनी... आता? तो मातीत गेल्यावर? त्याचे दात पाडावेत असं मनापासून वाटलं. पण कानात तीच किंचाळी होती.

"तिले हात लावू नको," मी म्हणालो. "ते माही हाय. तू ते तिकडची भर." कोपऱ्यात रशीदची अर्धी राहिलेली एक खोळ पडली होती. हमीद खाली बसला आणि कापूस ओढून घेतला.

गाठींची गादी मी अमरावतीला आणली. रोज तिच्यावर झोपतो. एक गाठ बरोबर फासळीखाली येते, दुखते. मी कूस बदलत नाही.