कापूस कितला शे?

धुळ्याच्या आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात खोकल्याचा अभ्यास करायला एक डॉक्टर यायचे. बोलणं पुणेरी, पण छातीला नळी लावण्याआधी ती तळहातावर चोळून कोमट करायचे. "खोकला आहे का?" विचारलं की आम्ही खोकतच "नही" म्हणायचो. खोकला म्हटलं की क्षय ठरतो आणि काम जातं, ही धास्ती. शेवटी रुई भरणारे म्हातारे आबा म्हणाले, "खोकला नही, डॉक्टर. कापूस शे."

तेव्हापासून ते प्रत्येकाला "खोकला किती आहे?" ऐवजी आमच्या बोलीत "कापूस कितला शे?" असंच विचारू लागले, आणि माणसं मोकळेपणी सांगू लागली.

एका दुपारी तपासता तपासता डॉक्टरांनाच ढास लागली. आबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "तुमले बी कापूस?"

"शे ना, आबा!"

आम्ही इतके हसलो, की सगळ्यांचाच कापूस उसळला.