वाकड्या ओळींचं शेत

माणूस भेटला की ते आधी त्याचे दात बघत, मग चेहरा. नावं विसरत, दात कधी विसरत नसत. चहा समोर ठेवून गार होऊ देत आणि मग गार झाला म्हणून कुरकुरत. कुलूप लावलं की ओढून बघत, चार पावलं जात आणि परत येऊन पुन्हा ओढून बघत. भाजी चिरताना शिट्टी वाजवत. संगणकावर फोल्डर केला की त्याला ‘नवीन’ नाव देत, पुढच्याला ‘हेच नवीन’ आणि त्याच्या पुढच्याला ‘आता खरंच नवीन’. खेळ बंद करताना दोनदा सेव्ह करत. एकदा मशीनसाठी, एकदा मनासाठी.

हे कवळीवाले काका. दातांच्या दवाखान्याखाली, जिन्याला लागून त्यांची खोली होती. तिथे ते कवळ्या बनवत. खोलीला मेणाचा वास होता. सगळ्या वस्तूंवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर होता. फळीवर लोकांच्या जबड्यांचे साचे मांडलेले असत. नवखा माणूस दारातच थबके. काका म्हणत, "या, या. चावत नाहीत." वर डॉक्टरबाई दात काढत, खाली काका ते परत देत. "मी पाडापाडीचं खातं बघते, काका बांधकामाचं," असं बाई पेशंटना सांगायच्या.

मागच्या महिन्यात काका गेले. सकाळी बूट घालायला बसले, ते उठलेच नाहीत. गल्लीत अजून कोणाच्या हे पचनी पडलेलं नाही. त्यांच्या खोलीवरून जाताना माणसं अजूनही तोंड मिटून घेतात, काका दात बघतील म्हणून.

पण सांगायचं आहे ते शेताचं.

काकू टेलिफोन ऑपरेटर होत्या. नोकरी संपता संपता त्यांना झटका आला आणि उजवा हात रुसला. बोटं हलवत राहा, मऊ चेंडू दाबत राहा, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं. काकूंनी थोडे दिवस चेंडू दाबला आणि मग तो डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. काका खाली जाऊन शोधून आणत. काकू परत फेकत. "तुमचाच व्यायाम होतोय," त्या म्हणाल्या.

ही कथा काकांनी वर जाऊन डॉक्टरबाईंना ऐकवली. बाईंकडे लहानपणीच्या एका खेळाची डिस्क होती. शेत नांगरायचं, पेरायचं, पाणी घालायचं, कोंबड्या पाळायच्या. डिस्क ज्या यंत्रावर चालायची ते केव्हाच भंगारात गेलं होतं. बाईंनी काकांच्या घरच्या संगणकावर एम्युलेटर टाकून दिला आणि त्याच्याच फोल्डरमध्ये डिस्कची प्रत. एम्युलेटर म्हणजे त्या जुन्या यंत्राचं सोंग वठवणारा प्रोग्राम. डिस्कला फरक कळत नाही. काकांना ही कल्पना फार आवडली. "म्हणजे यंत्राची कवळीच की," ते म्हणाले.

खेळाच्या रिमोटवरची बटणं कुठे काय करतील हे त्यात आपल्याला ठरवता येतं. काकांनी काकूंसाठी सगळी कामं डाव्या हाताखाली आणली: नांगरणं, पेरणं, काढणं, पाणी. उजव्या अंगठ्याला एकच काम ठेवलं, चालणं.

काकू चालू लागल्या. अंगठा जाईल तिकडे ओळ जायची. घराजवळची पहिली ओळ कुंपणात घुसली. दुसरी विहिरीला वळसा घालून भलतीकडेच निघाली. पण हळूहळू ओळी सुधारत गेल्या, आणि वर्षाअखेर नदीकाठची ओळ दोरी लावल्यासारखी सरळ आली. घराकडून नदीकडे बघत गेलं की काकूंचा हात कसा परत आला ते दिसायचं. ओळीतल्या भाज्या निघत, पण त्याच वाकड्या ओळींत काकू पुन्हा पेरत. एकदा काका म्हणाले, "आता जमतंय तर पहिली ओळ सरळ करून घे ना." काकू म्हणाल्या, "मग मी बरी झाले हे कशावरून?"

संध्याकाळी काका स्वयंपाक करत आणि काकू शेत बघत. काकांची खेळायची पाळी रविवारी येई. ते त्यांना पुरेनासं झालं. दुपारच्या सुट्टीत खालच्या खोलीतल्या संगणकावर खेळावं, असं त्यांच्या मनात आलं. शेत मात्र एकच हवं, दोघांचं. पेन ड्राइव्ह डब्याच्या पिशवीतून न्यायचा आणि आणायचा, असा बेत ठरला.

काकांनी बाईंना विचारलं. बाई एका पेशंटची दाढ बघत होत्या. तोंडावरचा मास्क न काढता त्यांनी सांगितलं, "प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये 'पोर्टेबल' नावाची रिकामी फाइल टाका. मग तो सेव्ह आणि सेटिंग स्वतःजवळच ठेवतो. पण आधीचं सगळं डॉक्युमेंट्समध्ये असेल, ते नंतर..."

"हो हो," काका म्हणाले आणि खाली पळाले. खाली मेण उकळत होतं.

काकू बहिणीकडे आठवडाभर गेल्या तेव्हा काकांनी ते काम हातात घेतलं. प्रोग्रामचा फोल्डर त्यांनी पेन ड्राइव्हवर नेला. प्रत काढली नाही, उचलूनच नेला. एका घरात दोन शेतं झाली तर कुठलं खरं, हा गोंधळ त्यांना नको होता. रिकामी फाइल टाकली. दुपारी खालच्या खोलीत हात धुतले, डबा बाजूला सारला आणि खेळ सुरू केला.

खेळाने विचारलं, तुमचं नाव काय?

काकांनी बंद करून परत उघडलं. तुमचं नाव काय? शेत नव्हतं. कोंबड्या नव्हत्या. बटणंही मूळच्या जागी गेली होती. संध्याकाळी घरी येऊन बघितलं तर घरच्या संगणकावर प्रोग्रामच नव्हता. तो स्वतःच उचलून नेलेला. काका खुर्चीत बसून राहिले. चहा गार झाला तरी कुरकुरले नाहीत.

बाईंना विचारायचं तर लाज वाटत होती. त्या सांगत असताना आपण पळालो, हे त्यांना चांगलं आठवत होतं. काकूंना सांगायचं तर जीभ रेटेना. मग त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. गेलेल्याच्या जागी हुबेहूब दुसरं बसवायला घेतलं.

नकली दात फार सरळ केले तर लगेच ओळखू येतात. एखादा जरा पुढे, एखादा जरा फिरलेला ठेवावा लागतो. काकांचा या कामात हातखंडा होता. त्यांनी काकूंचं शेत मनात उभं केलं आणि दुपारी डबा न खाता, संध्याकाळी भाजी न चिरता, ओळ ओळ लावत गेले. पहिली कुंपणात घुसवली. दुसरी विहिरीभोवती नेली. स्वतःच्या धडधाकट अंगठ्याने वाकडं चालणं जड जात होतं. सरळ ओळ आली की ते स्वतःवर चिडत. काकू परत यायच्या आदल्या दिवशी नदीकाठ पुरा झाला. कोंबड्या थोड्या कमी पडत होत्या. कोंबड्या कोण मोजतंय, असं म्हणून त्यांनी दोनदा सेव्ह केलं.

काकू आल्या. बहिणीच्या तक्रारी सांगून झाल्या. संगणकासमोर बसल्या. काका ओट्याशी उभे राहून शिट्टी वाजवत होते.

"अहो."

"काय गं?"

"इकडे या. हे गाजर कोणी लावलं?"

"तूच."

"इथे? दुसऱ्या ओळीत, विहिरीच्या वळणावर?"

"असेल. आठवत नसेल तुला."

"इथे मी कधीच काही लावलं नाही. एक दिवस अंगठा अजिबात ऐकेना, तेव्हा मी इथे असताना रिमोट भिंतीवर आपटला होता. नंतर ती जागा मुद्दाम रिकामी ठेवली. राग बसलाय तिथे माझा."

काकांची शिट्टी थांबली. तो रिकामा चौकोन त्यांनी शेकडो वेळा बघितला होता. पण लावताना फट दिसली आणि हाताने ती आपोआप भरून टाकली. फट भरणं हाच तर धंदा.

त्यांनी सगळं सांगितलं. काकू पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं गेलं."

"गेलं," काका म्हणाले.

"आणि तुम्ही आठवडाभर बसून माझ्या शेताला कवळी बसवलीत."

"हो."

"जेवलात तरी का?"

काका सुरी घेऊन भाजी चिरायला लागले. काकूंना हसू आलं. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. ते हसण्याचं पाणी होतं की दुसरं, हे विचारायची काकांची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनीच त्यांना वर नेलं. काकांनी घरचा संगणक चादरीत गुंडाळून आणला होता. दवाखान्यात तो ठेवायला जागा नव्हती म्हणून पेशंटच्या खुर्चीत ठेवला. बाईंनी सवयीने वरचा दिवा लावला.

"दुखतंय कुठे?" त्या म्हणाल्या.

काकूंनी सांगितलं. बाईंनी काकांकडे बघितलं. "काका, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही जिना उतरला होतात."

"मेण उकळत होतं," काका म्हणाले.

"सेव्ह कुठे गेलेलं नाही. ते आधीपासून डॉक्युमेंट्समध्येच होतं. तुम्ही प्रोग्राम उचललात, ते नाही उचललंत. त्यात रिकामी फाइल टाकलीत, म्हणून तो जुन्या घरी बघायलाच गेला नाही. नव्या घरात शेत नाही, म्हणून त्याने नाव विचारलं. एवढंच."

डॉक्युमेंट्समध्ये एम्युलेटरच्या नावाचा फोल्डर होता. त्यात सेव्हचा फोल्डर, सेटिंगचा फोल्डर, सगळं जागच्या जागी. काकांना राहवेना. "द्या इकडे," म्हणत त्यांनी माउस घेतला. पेन ड्राइव्हचा फोल्डर शेजारी उघडला. सेव्हची फाइल धरली, ओढली, सोडली. संगणकाने विचारलं, या नावाची फाइल इथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवायची का?

"ठेव बाबा," काका म्हणाले आणि बोट उचललं.

काकूंचा हात त्यांच्या हातावर आला. उजवा. "कुठली कुठे ठेवताय?" त्यांनी विचारलं.

बाई वाकल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. काकांनी उलटं ओढलं होतं. नकली शेत खऱ्याच्या जागी निघालं होतं. 'होय' म्हटलं असतं तर खरं शेत कायमचं गेलं असतं.

काकूंनी माउस घेतला. बाण थरथरत 'होय'वरून गेला, पुढे गेला, मागे आला आणि 'नको'वर थांबला. त्यांनी बोट दाबलं.

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही तिकडे बसा. हात मांडीवर ठेवा."

मग बाईंनी नकली शेताच्या फाइलचं नाव बदललं. 'कवळी' असं ठेवलं. डॉक्युमेंट्समधलं सगळं, शेत आणि बटणं, पेन ड्राइव्हवर नेलं. या वेळी प्रत काढली, जुनं जागेवरच ठेवलं. खेळ सुरू केला. नाव विचारलं नाही. कुंपणात घुसलेली ओळ आली, विहीर आली आणि वळणावरचा रिकामा चौकोन आला. बाहेर बाकावर वाट बघत बसलेला एक पेशंट मधल्या वेळात निघून गेला होता.

काकूंनी 'कवळी' पुसू दिली नाही. कधीमधी त्या ते शेत उघडून बघत. "हे बघ," त्या बाईंना दाखवत, "माणसाला मुद्दाम वाकडं चालायला किती त्रास होतो ते."

पेन ड्राइव्ह डब्याच्या पिशवीतून जाऊ-येऊ लागला. काका दुपारी कोंबड्यांना दाणे घालत, ओळींना हात लावत नसत. तशी अटच होती.

मग एके दिवशी काकू म्हणाल्या, "अहो, आता माझी बटणं सगळ्यांची असतात तशी करा. डाव्या हाताकडचं काम उजव्याला द्या. लाडावलाय तो."

काकांना एकदम सगळं बदलायचं नव्हतं. नवी कवळीही ते आधी थोडा थोडा वेळ घालायला सांगत. एक बटण हलवायचं, काकूंचं बोट तिथे रुळू द्यायचं आणि मगच पुढचं. चालणं डावीकडे गेलं. नांगरणं उजवीकडे आलं. मग पेरणं. पेरण्यावर काकू फार अडल्या, दोघांची खडाजंगी झाली, रिमोट थोडक्यात वाचला. मग काढणं आलं, ते चटकन जमलं. काका प्रत्येक वेळी सेटिंगची खिडकी उघडत, चष्मा कपाळावर सरकवत, एक बटण बदलत आणि पेन ड्राइव्हवर सेटिंग जतन झालं का ते बघत. ते गेले त्याच्या आधीच्या रविवारी काढण्याचं पक्कं झालं. पाण्याचं पुढच्या रविवारी करू, असं ते म्हणाले.

परवा डॉक्टरबाई काकूंकडे गेल्या होत्या. बदलून देऊ का, असं त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "आज नको." मग शेत उघडून बसल्या. नांगरणं, पेरणं, काढणं उजव्या हाताने. पाणी घालायचं बटण अजून डावीकडे आहे.