घड्याळाचा ठोकळा

रिंगवाल्याच्या टेबलावरचं घड्याळ आजवर कुणाच्या बापाला जिंकता आलं नव्हतं. घड्याळ काय, शेजारच्या कपबश्या आणि दिवा काय, सगळं एकेका लाकडी ठोकळ्यावर ठेवलेलं, आणि रिंग त्या ठोकळ्यापेक्षा जेमतेम केसभर मोठी. लांबून फेकलेली रिंग ठोकळ्याभोवती पुरती बसली, की घड्याळ तुमचं. ती हमखास कडेला अडकायची. मग हा बेरकी माणूस चेहरा पाडून म्हणायचा, "अरेरे, थोडक्यात हुकलं! आणखी एकदा?" पोरांचे खाऊचे पैसेही त्याने सोडले नाहीत.

एकदा त्याने हवालदाराचा खिसा असाच रिकामा केला. दुसऱ्याच दिवशी जुगाराचा गुन्हा दाखल झाला.

"जिंकणं नशिबावर असेल तर जुगार, हाताच्या कसबावर असेल तर खेळ," वकिलाने समजावलं. "जुगार ठरला तर टेबल जप्त आणि तुम्ही आत. कसब दाखवता येईल?"

"येईल की. पण सगळ्यांसमोर?"

"मग काय माझ्या कानात दाखवणार?"

कोर्ट खच्चून भरलं होतं. निम्मे त्याच्याकडे हरलेलेच. रिंगवाल्याने रिंग आडवी धरली, अंगठा खाली घेतला, मनगटाला हलकी गिरकी दिली. रिंग वर उडाली आणि अलगद ठोकळ्याभोवती बसली. दुसरीही. तिसरीही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जन्मात पहिल्यांदाच कुणी त्याचं कौतुक करत होतं, तो मूर्ख हरखून गेला.

"जरा सावकाश दाखवा," न्यायाधीश पुढे वाकून म्हणाले. त्याने तेही दाखवलं.

"हा कौशल्याचा खेळ आहे. सरावाने कुणालाही जमेल," असं म्हणून न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं.

त्याच संध्याकाळी टेबलापुढे रांग लागली. सगळ्यांचे अंगठे रिंगेखाली. हवालदाराने घड्याळ जिंकलं, त्याच्या बायकोने कपबश्या, मेव्हण्याने दिवा. रिंगवाल्याने घाबरून ठोकळ्यावर हात ठेवला.

"हात काढ," हवालदार म्हणाला. "जिंकू दिलं नाहीस, तर तो खेळ कसला? आत टाकू?"

अंधार पडेपर्यंत टेबलावर नुसते ठोकळे उरले. हवालदार मात्र हलेना. रिंगवाल्याच्या मनगटावरच्या, सासऱ्याने लग्नात दिलेल्या घड्याळाकडे बघत त्याने चेहरा पाडला.

"आणखी एकदा?"

या खेपेला तरी त्याची रिंग हुकू दे, अशी देवाची करुणा भाकत रिंगवाल्याने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि ठोकळ्यावर ठेवलं.