राहुकाळातली भवानी

"चूक कबूल कर, नाहीतर सोमवारपासून टायपिंगच्या खोलीत बस!" आमच्या कॉम्प्युटर सेंटरचे मालक सगळ्यांसमोर असं बोलले आणि माझं डोकं फिरलं. काय कबूल करू? तंजावरात तेव्हा कॉम्प्युटर नवेच होते, आणि प्रोग्राम लिहिणारी मुलगी त्याहून नवी. रेशमी साड्यांच्या एका दुकानासाठी बिलांचा प्रोग्राम मी एकटीनं लिहिला होता. आता दुकानदार ओरडत होते की विकून गेलेल्या साड्या कॉम्प्युटर अजून कपाटातच दाखवतो.

प्रत्येक बिलाला चढता नंबर द्यावा, असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. मालक म्हणाले, "मशिनीत घड्याळ आहे ना? बिलाची वेळ हीच बिलाची ओळख. जास्त शहाणपणा नको." नवी नोकरी, ऐकलं.

आता मात्र ऐकणार नव्हते. घोटाळा दर शनिवारी होत होता, म्हणून शनिवारी सकाळी मी दुकानातच जाऊन बसायचं ठरवलं. निघताना अम्मा दारात आडवी आली. "राहुकाळ लागलाय गं, साडेदहानंतर जा." थांबते कसली!

दुकानात ओरत्तनाडूहून लग्नाच्या खरेदीला आलेली मंडळी ताटकळत होती. शनिवारी ही अशुभ वेळ नेमकी दुकान उघडतानाच येते. गिऱ्हाईक सोडवत नाही आणि राहुकाळात भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, करवत नाही. दुकानदारांनी हिशेबनीसाला खूण केली. त्यानं उदबत्ती लावली आणि मशिनीचं घड्याळ साडेदहाच्या पुढे नेलं. संपला राहुकाळ! धडाधड बिलं छापली. गर्दी ओसरल्यावर त्यानं घड्याळ खऱ्या वेळेवर आणलं. मग खरोखरचे साडेदहा वाजले, त्याच वेळा पुन्हा आल्या, आणि नवी बिलं जुन्या बिलांच्या जागी जाऊन बसली. जुनी पुसली गेली, आणि त्यांतल्या साड्या मशिनीच्या कपाटातच राहिल्या.

अय्यय्यो, ही माणसं राहूलाच टोपी घालत होती! मला हसू आवरेना.

मालकांना सांगितलं, तर म्हणाले, "घड्याळाला हात लावू नका म्हणून बजाव त्यांना."

"का म्हणून? राहुकाळ आमच्याही घरी पाळतात. माणसं बदलणार नाहीत, प्रोग्राम बदलायला हवा. मी नंबर घालणार."

"पुन्हा बिघडलं तर टायपिंग."

"पुन्हा बिघडलं तर मी घरी जाईन. टायपिंगला बसणार नाही."

बोलून तर बसले, आणि पुढच्या शनिवारी राहुकाळातच नवा प्रोग्राम घेऊन दुकानात गेले. मालक स्वतः दुकानात येऊन उभे राहिले. मी हिशेबनीसाला म्हटलं, "अण्णा, घड्याळ हवं तसं फिरवा." त्यानं पुढे केलं, मागे केलं. बिलांचे नंबर आपले ओळीनं चढत राहिले. पिशवीत गेलेली प्रत्येक साडी मशिनीच्या कपाटातूनही गेली. एकही बिल हरवलं नाही.

दुकानदार खूश झाले. "आमच्या दुसऱ्या दुकानालाही हेच हवं. कुणी लिहिलं हे?"

"आमच्या टीमनं," मालक म्हणाले.

"टीम कुठली? मी लिहिलं," मी म्हणाले. माझा आवाज अख्ख्या दुकानात ऐकू गेला आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

दुकानदारांनी एकदा मालकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मग तिकडे हिलाच पाठवा."

भिंतीवरच्या घड्याळात अजून साडेदहा वाजायचे होते. माझी भवानी राहुकाळातच झाली.