देवाचा आणा

पडदा वर जातो तेव्हा समोर तापीचं रुंद वाळवंट आहे, यात्रेने भरलेलं. चौतीस सालचा हिवाळा. उजवीकडे बैलबाजार, डावीकडे गोडीशेव आणि जिलेबीची पालं, आणि मधोमध बैलगाड्यांच्या शर्यतीची लांबलचक पट्टी. दोन्ही अंगांनी माणसांच्या भिंती. डफ कडाडतो आहे, मागच्या शर्यतीची धूळ अजून खाली बसलेली नाही. आणि त्या गर्दीत एक माणूस असा, की ज्याला एका जागी उभं राहणं ठाऊकच नाही. क्षणात टाचा उंचावतो, क्षणात उकिडवा बसतो, पागोटं काढतो, पुन्हा बांधतो. हा हिलाल, कळसाडीचा गाडीवान.

शेतकऱ्यांची कपाशी गाडीत भरायची आणि नंदुरबारला सरकी काढणाऱ्या जिनात पोचवायची, हा त्याचा धंदा. पण गाडीला बैल लागतात दोन, आणि हिलालकडे उरला होता एकटा चांद्या. त्याचा जोडीदार दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून शेजारच्या चुडामणचा बैल भाड्याने जुंपून काम चाललं होतं. यंदा चुडामणने हात जोडले होते. "भाऊ, आते मन्हा बैल माले लागी. तू तुन्ही जोड करी ले." म्हणजे या यात्रेत बैल आला नाही, तर गाडी दारात उभी राहणार.

तशी गेल्या दोन्ही यात्रांना हिलाल बैल घ्यायलाच आला होता, आणि दोन्ही वेळा नवा कासरा तेवढा घेऊन परतला होता. बैलाचे पैसे शर्यतीवर गेले. कसे गेले, हे मात्र त्याला सांगता येत नसे. कारण तो तर जिंकत असे! बैलाचं वशिंड, खुराची ठेवण, कानांची हालचाल पाहून तो बोट दाखवी, आणि ती जोडी पुढे निघाली की अवघी यात्रा त्याची पाठ थोपटी. हरलेल्या पैजा मात्र कोणी मोजत नसे. त्याची नजर खरी होती, यात शंका नाही. पण समोर पैज लावणारीही गाडीवानांचीच पोरं होती, त्यांनाही डोळे होते.

म्हणून यंदा त्याची बायको कौसाबाई सोबत आली होती. दोन हंगाम कपाशी वेचून साठवलेले रुपये तिने आपल्या कमरेला बांधले होते. मुलगा नवल घरी आजीपाशी.

"नवलनी माय, एक रुपया दे. एकच!" हिलाल वळवळत म्हणाला. "ती पांढरी जोडी देख. वारा शे वारा!"

"बठा जरा. ढुंगणले मुंग्या लागन्या का?" कौसाबाई म्हणाली. तिची नजर मात्र जोडीवर नव्हती. पट्टीच्या कडेला घोंगडी टाकून भाईदास बसला होता. पैजा घेणारा तो. दोन्ही बाजूंचे पैसे त्याच्याकडे जमत, शर्यत झाली की जिंकलेल्याच्या हातात तो रक्कम ठेवी, आणि देताना रुपयामागे एक आणा काढून शेजारच्या डब्यात टाकी. त्याला म्हणायचं 'देवाचा आणा'. त्यातून देवळात तेल जाई, हे खरं होतं. आणि डब्याचा उरलेला भार भाईदासच्या घरी जाई, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण देवाचं नाव घेऊन दिलेला पैसा तोट्यात धरायचा नसतो, अशी आमच्या मुलखाची रीत. हिलाल तर जिंकला की आनंदाने दोन आणे टाकी आणि डब्याला हात लावून कपाळाला लावी.

"नवलना बाप," कौसाबाई एकाएकी म्हणाली, "हाऊ भाईदास शर्यत का देखत नही हो?"

हिलालने पाहिलं. खरंच की! भाईदास पट्टीकडे चक्क पाठ करून बसला होता. एवढा कल्लोळ उठला, गाड्या धडधडत गेल्या, आणि तो पानाला चुना लावत होता.

"त्याना धंदा शे. रोज देखीसन कटाळना व्हई."

"सुतार लाकडाकडे पाठ करीसन बठस का?"

हिलालची मान पुन्हा पांढऱ्या जोडीकडे वळली. तेव्हा कौसाबाईने पदरातल्या भाजक्या शेंगा वाळूवर ओतल्या आणि त्यांचे दोन ढीग केले. "हाऊ तुम्हना. हाऊ चुडामणभाऊना समजा. मांडा पैज."

एकदा हिलालचा ढीग जिंकला, एकदा चुडामणच्या नावाचा. मूठभर शेंगा इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि दर वेळी कौसाबाई त्यातली एक शेंग उचलून आपल्या ओटीत टाकी. "देवनी."

हिलाल हसत होता. मग हसू थांबलं. दोन्ही ढीग बारीक होत चालले होते. खेळ चालूच होता, कोणी लबाडी केली नव्हती, हार-जीत बरोबरीची होती, आणि तरी वाळू दिसायला लागली होती. कौसाबाईची ओटी मात्र फुगली होती.

"आते सांगा," ती म्हणाली, "कोन जिंकनं?"

"देवना आणा तू तोट्यात धरस? पाप लागी!"

"देवले द्या ना. हात जोडीसन द्या. पण बैलना पैसा हाई वाटवर ठेवू नका." आणि तिने कमरेची गाठ सोडून सगळे रुपये त्याच्या हातात दिले. "घ्या. मी नही अडावत."

आता खरी पंचाईत! शेवटची शर्यत लागत होती. पांढरी जोडी जुवाखाली नाचत होती. हिलाल उठला, बसला, पुन्हा उठला आणि सरळ भाईदाससमोर जाऊन उभा राहिला.

"या, या हिलालभाऊ! कोनवर?"

"शेठ, तुम्ही सांगा. कोन जिंकई?"

भाईदासने पानाची घडी तोंडात सारली आणि मोकळेपणाने हसला. "माले काय करनं, भाऊ? कोनीबी जिंको."

शर्यतीकडे पाठ करून बसलेल्या त्या माणसाकडे हिलालने एकदा नीट पाहिलं. मग त्याने एक आणा डब्यात टाकला, हात जोडले, आणि बैलबाजाराची वाट धरली.

तिथे त्याने एक कबरा गोऱ्हा पसंत केला, त्याचे दात पाहिले, रुमालाखाली बोटं दाबून दलालाशी भाव ठरवला. एवढ्यात पट्टीवर आरोळी उठली. रुपये देऊन कासरा हातात घेतला न घेतला, हिलाल नव्या बैलासकट धावत सुटला. पांढरी जोडीच जिंकली होती.

"मी सांगेल व्हतं ना! मी सांगेल व्हतं!" तो कपाळावर हात मारून नाचत होता. कौसाबाई शेंगा सोलत गोऱ्ह्याचे कान पाहत होती.

कबऱ्या आणि चांद्या यांच्या जोरावर त्याने पुढे बरीच वर्षं गाडी हाकली. एकही यात्रा चुकवली नाही, आणि पुन्हा पैज लावली नाही. पण शांतही कधी बसला नाही. जोडी सुटली की त्याचे पाय आपोआप पळत.

सत्तेचाळीस सालच्या हिवाळ्यात तो ओट्यावर अंथरुणाला खिळला होता. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. गावाच्या शिवारात त्या दिवशी शर्यत होती. दुरून डफ ऐकू आला, मग कल्लोळ, मग शांतता. कौसाबाई उशाशी बसली होती. पांघरुणाखाली त्याचे पाय हलत असलेले तिला दिसले. थोड्या वेळाने नवल धुळीने माखून अंगणात शिरला. हिलालने डोळे उघडले, कोपरावर भार देऊन उठायचा प्रयत्न केला, आणि विचारलं, "कोन जिंकनं?"