दोराच्या दुसऱ्या टोकाला सासरे

ड्रेस्डेनहून निघालो तेव्हा एल्ब नदीवर धुकं होतं आणि बाबा गाडीच्या खिडकीला कपाळ टेकवून बसले होते. बाबा म्हणजे माझे सासरे. साठी कधीच ओलांडलेली. पुण्याहून उन्हाळ्यापुरते आमच्याकडे आले होते. तरुणपणी ते सह्याद्रीतले सुळके चढायचे. निखिलचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, जन्म झाला आणि त्यांनी दोर माळ्यावर टाकला, तो कायमचा.

मी मात्र हा नाद इथे येऊन लावून घेतला. संगणकाच्या चिपच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून रविवारी एस-बानने (उपनगरी गाडीने) गावाबाहेरच्या वालुकाश्माच्या सुळक्यांवर जायचं. या वर्षी कॉर्नवॉलचे, म्हणजे इंग्लंडच्या पार पश्चिम टोकाचे, समुद्रात उतरलेले कडे चढायचं ठरवलं. हे बाबांना कळलं. मग एकदा मेथी निवडता निवडता म्हणाले, "केतकी, मी येऊ?"

निखिलला ते मुळीच पटलं नाही. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला, सलग काही रविवार बाबा माझ्यामागून सोपे सुळके चढलेही. तरी त्याचा चेहरा उतरलेलाच. "काही झालं तर आईला तू सांगणार आहेस का?" एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

बर्लिनहून विमान, मग लंडनहून पाचेक तास रेल्वे. एका वळणावर रूळ समुद्राला इतके बिलगले की लाटांचे तुषार काचेवर आले. बाबांनी आतून काचेवर बोट टेकवलं आणि ओघळणाऱ्या थेंबाबरोबर ते सावकाश खाली नेलं.

गावात उतरलो तेव्हा संध्याकाळचं ऊन लांबच लांब पसरलं होतं. बेकरीत पेस्टी मिळाली, तळहाताएवढी भाजलेली करंजी, आत बटाटा, कांदा आणि चीज. बाबांनी सवयीने "आल्झो..." (तर मग) अशी सुरुवात केली. जर्मनीत उचललेला तेवढाच शब्द, तोही इंग्लंडमध्ये. बेकरीतल्या बाई हसल्या. आम्ही कड्यांवर जाणार हे ऐकून भरतीची वेळ आम्हाला ठाऊक आहे ना, हे त्यांनी विचारून घेतलं. त्यांचे वडील मासेमार होते म्हणे. समुद्राकडे पाठ करायची नाही, असं त्यांनी आम्हाला दोनदा बजावलं.

सकाळी पायवाटेने निघालो. झाड म्हणून नाही, पण गवतात गुलाबी फुलांच्या गाद्या अंथरलेल्या, आणि त्यापलीकडे जमीन एकदम संपलेली. खाली सोनेरी ग्रॅनाइट, आणि त्याखाली हिरवं पाणी झोपेत श्वास घ्यावा तसं वरखाली होत होतं. बाबांनी तळवा खडकावर ठेवला. "आपला कातळ काळा, गुळगुळीत. हा हात धरून ठेवतो," म्हणाले.

इथे सगळं उलटं. आधी दोरावरून समुद्रापर्यंत उतरायचं, मग चढून बाहेर यायचं. दुसरी वाट नाही. उतरताना एका कपारीत बसलेल्या फुलमार पक्ष्याने माझ्या बाहीवर पिचकारी मारली. शत्रूवर माशाचं तेल ओकायची त्याची रीतच आहे. तो वास पुढे अनेक धुण्यांना पुरून उरला. बाबा मात्र आधीच उतरून खालच्या खडकाच्या ओट्यावर उभे राहून पोट धरून हसत होते.

ओहोटी संपत आली होती. मी आधी चढले. ड्रेस्डेनच्या मऊ खडकात फटीत फक्त दोरीच्या गाठी अडकवायच्या, धातू लावायचा नाही; इथे धातूच्या पाचरी बसवत गेले. एका कंगोऱ्यावरून वळले आणि बाबा दिसेनासे झाले. वर पोचून मी स्वतःला बांधून घेतलं, बाबांनी निघावं म्हणून ठरल्याप्रमाणे दोराला हिसके दिले आणि ते चढतील तसा दोर ओढू लागले. तो सावकाश वर येत राहिला. मग थांबला.

मी हाक मारली. वाऱ्याने ती माझ्याच तोंडात परत घातली. दोर ताणून बघितला. खाली वजन होतं, हालचाल नव्हती. खालच्या ओट्यावर आता लाटा फुटत असणार. पुण्यातल्या घरचा फोन वाजतोय आणि सासूबाई पदराला हात पुसत तो घ्यायला येताहेत, एवढंच मला दिसत होतं. दोर घट्ट धरून बसण्याखेरीज मला काही करता येत नव्हतं. एक ढग आला, पाणी जांभळं झालं, ढग गेला, पुन्हा हिरवं झालं. आणि माझ्या हातात दोर सैल झाला. वीतभर. मग हातभर.

कंगोऱ्यावरून आधी पांढरे केस आले, मग बाबांचा चेहरा. ते येऊन शेजारी बसले. मग मी विचारलं, "काय झालं होतं?"

"हात पोचेना. घाबरलो," ते म्हणाले. "खाली बघितलं तर पाण्यातून एक सील डोकं वर काढून माझ्याकडे बघत होतं. मीही बघत राहिलो. किती वेळ, कुणास ठाऊक. मग पाय जरा वर घेतला, तर हात पोचला."

मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या हेल्मेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, जुने दिवस आठवतील. काहीच आठवलं नाही गं. फक्त हा कडा होता."

उरलेले दिवस आम्ही सोपे, छोटे कडे चढलो आणि बराचसा वेळ नुसते गवतात पडून राहिलो.

ड्रेस्डेनला परतलो. निखिलने दार उघडलं, बाबांची पिशवी घेतली आणि त्यांच्या बोटांकडे बघितलं. ग्रॅनाइटने सालं काढली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्याने बाबांना बसवलं, मलम आणलं आणि एकेक बोट धरून लावू लागला. बाबांनी हात सोडवून घेतला नाही. मी या घरात आल्यापासून बापलेकांना एकमेकांना नमस्कारापलीकडे हात लावताना पाहिलं नव्हतं.

मी त्यांना त्यांचं तरुणपण परत द्यायला नेते आहे, अशी माझी समजूत होती. ते त्यांनी मागितलंच नव्हतं. मी चहाचं आधण ठेवलं. मागे निखिल विचारत होता, "दुखतंय का?" आणि बाबा म्हणत होते, "हो. जरा हळू लाव."