चौथ्या टर्मिनलची नोंद

पुसल्याशिवाय श्वाससुद्धा न घेणारा माणूस या जगात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या ताईचा दीर निघाला. बाकीचं जग विचारतं; आमच्याकडे चंद्रपुरात पुसतात, आणि भाऊ तर सकाळी डोळे उघडल्यापासून पुसत सुटायचे. नात्यानं ते माझे कोण लागत होते ते लागोत, सारं ऑफिस त्यांना भाऊ म्हणायचं, म्हणून मीही भाऊच म्हणायची. बसस्टँडसमोरच्या टपरीवर उभे राहिले की चहा मागायचे नाहीत. आधी चौकशी. "दूध हाये? साखर हाये? कप धुतला हाये? बसाले बाकडं हाये?" सगळ्याला हो आलं तर बसून चहा. बाकड्याला नाही आलं तर उभ्यानं चहा, आणि कपाळावर एक आठी नाही. माझा जीव मात्र शरमेनं अर्धा व्हायचा. "नाई म्हननं बी उत्तर हाये," ते मला समजवायचे. "नाई म्हनलं तं आपुन उभे राहू. पन हाव म्हनलं न बाकडंच नसलं, तं मानूस धपकन पडते ना वं!"

वरोऱ्याला मुलगी बघायला गेले तेव्हाची गोष्ट ताई हसत हसत सांगते. मुलीला सगळे पुसतात, काय काय येतं? भाऊंनी पुसलं, "तुले काय नाई येत?" मांडवाआधीच वरात परत जायची वेळ आली. मुलीचा मामा उठून उभा राहिला. पण मुलगी शांतपणे म्हणाली, "भाकर गोल नाई येत, न मनात ठेवता नाई येत." भाऊंनी तिथल्या तिथे होकार दिला. त्याच आमच्या वहिनी.

असा माणूस कॉम्प्युटरवर गेला नसता तरच नवल. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांसाठी एक हिवतापाचा प्रकल्प निघाला होता, तिथे भाऊ प्रोग्रॅम लिहायचे आणि मी नावं टाइप करायची. काम सरळ होतं. गावोगावी ताप आलेल्यांच्या रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, तपासायचा; ज्यांना हिवताप निघेल त्यांची नावं कॉम्प्युटरात घालायची; आणि ती यादी घेऊन कार्यकर्त्यांनी सायकलवर जाऊन घरोघर गोळ्या द्यायच्या. कॉम्प्युटर एकच, पण त्याला जोडलेले पडदे चार. त्यांना टर्मिनल म्हणायचं. चार टर्मिनल चार कंपन्यांचे, आणि चौघांच्या चार तऱ्हा, एका घरात चार सासवा असल्यासारख्या. पडदा साफ करायचा तर एकाला एक हुकूम लागे, दुसऱ्याला दुसरा. एकाचा हुकूम दुसऱ्याला गेला की पडदाभर कचरा.

यावर तोड म्हणून कॉम्प्युटरात एक लांबलचक फाईल असते. तिच्यात प्रत्येक टर्मिनलचं नाव आणि पुढे त्याचे गुण, दोन-दोन अक्षरांच्या खुणांनी लिहिलेले. ओळी किती, एका ओळीत अक्षरं किती, पडदा साफ करायला काय पाठवायचं, उजळ पट्टी काढता येते की नाही. सी या प्रोग्रॅमच्या भाषेच्या लायब्ररीत तयार फंक्शनं, म्हणजे आयते लिहिलेले तुकडे, असतात, ती ही फाईल उघडून उत्तर आणून देतात. कशाचं उत्तर हो की नाही, कशाचं एखादा आकडा, कशाचं पाठवायचा हुकूमच. नागपूरचे प्रोग्रॅमर या भानगडीत पडत नसत, थेट हुकूम ठोकून मोकळे होत. भाऊंचा प्रोग्रॅम मात्र आधी पानभर प्रश्न पुसायचा, मग कामाला लागायचा. "त्याले येते का नाई, पुसून घ्या ना बाप्पा," ते म्हणायचे. "पुसाले काय जाते?"

हीच पद्धत त्यांनी माणसांनाही लावली. एक लांबट वही होती, तिच्यात ऑफिसातल्या प्रत्येकाची नोंद. साहेबांच्या नावापुढे 'घाई: हो. ऐकणं: नाही.' माझ्या नावापुढे 'वेग: बरा. चुका: कमी. तोंड: चालू.' मी दोन दिवस भांडले. "तोंड चालू काऊन लिवलं?" तर भाऊ पेन उचलून अगदी गंभीरपणे म्हणाले, "कधी बंद अस्ते ते सांग, तसं लिवतो."

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझं तोंड आपोआप बंद होतं. पण सांगते.

पावसाळा सरत आला होता आणि गावंच्या गावं तापानं फणफणत होती. त्यात आमचा चौथा टर्मिनल मेला. बदली नागपूरहून एक जुना आला, सोबत माहितीचं पुस्तक नाही, पाठीवरचं नाव घासून गेलेलं. एरवी भाऊ अशा पाहुण्यासमोर दोन दिवस मांडी ठोकून बसत, एकेक गुण तपासून मगच फाईलमध्ये नोंद करत. पण साहेब डोक्यावर उभे, "याद्या आजच पाहिजेत." दारात कार्यकर्ते उभे. प्रिंटर दुरुस्तीला गेलेला, म्हणून सगळे पडद्यावरून वहीत नावं उतरवून घ्यायचे. टर्मिनल कमी म्हणजे रांग लांब. नवा टर्मिनल तिसऱ्यासारखाच दिसत होता, तसाच रंग, तसेच खटके. भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा न तपासता तिसऱ्याची नोंद उचलून चौथ्याच्या नावावर केली. "सारखाच हाये ना वं?" त्यांनी मला पुसलं. मला काय कळत होतं? मी म्हटलं, "हाव."

त्या चौथ्यावर मीच बसले. एका गावाची एक यादी, एका पडद्यात मावणारी, घर नंबरानं लावलेली. वरपासून नावं आणि तळाच्या ओळीत गावाच्या नावाची उजळ पट्टी, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी बटण दाबायची, कार्यकर्ता उतरवून घ्यायचा. या टर्मिनलवर पट्टी एक ओळ वर बसत होती आणि तिच्याखाली एक ओळ रिकामी राहत होती. मला ती पहिल्याच दिवशी दिसली. सांगितलं असतं तर भाऊंनी सगळं थांबवलं असतं, रांग पुन्हा खोळंबली असती, साहेब माझ्यावर ओरडले असते. एका रिकाम्या ओळीनं काय बिघडतं, असं म्हणून मी पुढचं बटण दाबलं.

नवव्या दिवशी चामोर्शीकडचे कार्यकर्ते तुळशीरामभाऊ आले. वयस्क माणूस, कधी आवाज चढवून बोलले नाहीत. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि वही भाऊंसमोर उघडून ठेवली.

"भाऊ, मार्कंड्याच्या रस्त्यावरच्या गावात पहिल्या घरची पोरगी गेली. यशोदा. ताप डोक्यात चढला. तिचं रक्त मीच घेतलं होतं. माह्या यादीत तिचं नाव नाई. तिले हिवताप नोता का?"

भाऊंनी तिसऱ्या टर्मिनलवर त्या गावाची यादी काढली. पहिलंच नाव, यशोदा. मग चौथ्यावर काढली. यशोदा आली, पट्टीचं शेवटचं अक्षर पडलं, आणि सगळा पडदा एक ओळ वर सरकला. यशोदा गेली. तिसऱ्यावर तळाची ओळ शेवटपर्यंत भरली तरी काही होत नसे. हा चौथा, ओळ भरली की आपणहून खालच्या ओळीवर उतरायचा, आणि खाली जागाच नसली की सारं वर ढकलायचा. भाऊंच्या प्रोग्रॅमनं हेसुद्धा पुसलं होतं, ओळ भरल्यावर आपोआप उतरतोस का? हो आलं असतं तर त्यानं पट्टी एक अक्षर आखूड काढली असती; पण फाईलनं उत्तर दिलं होतं, नाही. कारण ते उत्तर तिसऱ्याचं होतं.

भाऊंनी कोरा कागद ओढला. त्या नऊ दिवसांत चौथ्यावर काढलेल्या अकरा गावांच्या याद्या त्यांनी तिसऱ्यावर उघडल्या आणि प्रत्येकीचं पहिलं नाव कागदावर लिहिलं. गोळ्या पिशवीत भरल्या, आणि तुळशीरामभाऊंना घेऊन निघाले. मीही निघाले. मला तिथे बसवत नव्हतं. एसटी, बैलबंडी, चिखलातून पायी, असे तीन दिवस आम्ही फिरलो. दहा माणसं जिवंत सापडली. दोघांना उचलून दवाखान्यात न्यावं लागलं, ती वाचली.

शेवटी भाऊ यशोदाच्या घरी गेले. नका जाऊ, मी म्हटलं, पण ते ऐकणार होते थोडेच! तिचा बाप अंगणात धानाच्या पेंढ्या बांधायचे दोर वळत होता. भाऊंनी त्याला सगळं सांगितलं. टर्मिनल, फाईल, पुसायची पद्धत, आपण उचललेली खोटी नोंद, काहीही न लपवता. बापानं हातातला दोर न सोडता ऐकून घेतलं.

"तुमचे हे तुळशीरामभाऊ गोळ्या वाटाच्या दिवशी इथीच बसले होते, या खाटेवर," तो तुळशीरामभाऊंकडे बोट करत आमच्या भाऊंना म्हणाला. "पोरगीनं पानी देल्लं त्याहिले. आंग तापलंच होतं तिचं. मंग हे उठून बाजूच्या घरी गेले, गोळ्या देऊन राह्यले. तुमी यंत्राले एवढं पुसता साहेब, तं तिले काऊन नाई पुसलं?"

"यादीत नाव नोतं," तुळशीरामभाऊ कसेबसे म्हणाले आणि तोंडावर पंचा धरून रडू लागले. भाऊंनी वाकून दोराचं दुसरं टोक धरलं.

त्यानंतर भाऊंची ती लांबट वही टेबलावर दिसली नाही. चौथ्यासमोर मात्र भाऊ दोन दिवस बसले आणि त्याची खरी नोंद लिहिली. साहेबांशी भांडून नियम केला, की यादी हातात असली तरी प्रत्येक दारात पुसायचं, ताप आहे का. स्वतः तर कुठेही पुसायचे. टपरीवाल्याला दूध-साखरेआधी "ताप नाई ना?" लग्नात आहेर देताना नवरीला "आंग गरम नाई ना वं?" मांडव हसायचा. ताईसुद्धा हसायची. मला कधी हसू आलं नाही.

भाऊ जाऊन आता दोन वर्षं झाली. वहिनी आता वरोऱ्याला माहेरीच असतात. मागच्या महिन्यात गेले तेव्हा त्यांनी ती लांबट वही माझ्या हातात ठेवली. "तुह्यावर काई लिवलं हाये त्याहिनं. वाचलं तवापासून मनात ठेवून राह्यली, पन मले ठेवता नाई येत," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. माझं पान मी शोधलं. 'वेग: बरा. चुका: कमी. तोंड: चालू.' त्याखाली वेगळ्या शाईत, भाऊंच्याच अक्षरात आणखी एक ओळ होती. 'रिकामी ओळ हिले दिसली असंल. पुसलो नाई.'

यशोदा गेल्यानंतर किती वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो. रोज मला पुसायचे, जेवली का, डोळे दुखत नाहीत ना, ताप नाही ना. सगळं पुसलं, तेवढं एक पुसलं नाही. माझ्यावर माया होती म्हणून, दुसरं काय!

पुसायचं होतं, भाऊ. मी हाव म्हटलं असतं. या वेळी तरी ते खरं असतं.